आमच्या फुफ्फुसांवर लिहिलेले आम्हालाच का वाचता येऊ नये?

आमच्या घरी शनिवार हा खोकल्याचा वार. अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करतात. जुम्म्याला कारखाना बंद असतो. त्या दिवशी त्यांचा श्वास मोकळा असतो. नमाज पढून परतताना ते जिना न थांबता चढतात. शनिवारी पाळी करून आले की मात्र छाती आवळते आणि रात्री भिंतीला उशी लावून बसावे लागते. आठवडा पुढे सरकतो तसा त्रास थोडा कमी होतो, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. अम्मी म्हणायची, "इनको छुट्टी रास नहीं आती." मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी त्याला दमा म्हटले आणि पंप लिहून दिला.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि सध्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. वार पाहून येणारा दमा माझ्या मनाला पटत नव्हता. यावर कुणीतरी अभ्यास केलाच असणार, असे वाटले. एका रात्री मोबाईल घेऊन शोधायला बसले. ते शोधणे पुढे दोन-अडीच महिने चालले. त्या काळात मला एका आजाराबद्दल जेवढे कळले, त्याहून जास्त संशोधनाच्या पोर्टलांबद्दल कळले. आज लिहायचे आहे ते त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. कारण आपल्यातला प्रत्येक शिकणारा मुलगा, प्रत्येक शिकणारी मुलगी कधी ना कधी या दारांसमोर उभी राहते, आणि बहुतेक जण "आपल्यालाच जमत नाही" असे समजून परत फिरतात.

आधी शब्दच सापडत नाही

सुरुवात मी मराठीतून केली. माझी शाळा मराठी माध्यमाची. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि पुढचा अभ्यास इंग्रजीत, ही आपल्यातल्या अनेकांची कहाणी आहे. "यंत्रमाग कामगार खोकला" असे लिहिले. मजुरीवाढीच्या बातम्या आल्या, वीजदराच्या सवलतीच्या बातम्या आल्या, खोकल्याच्या औषधाच्या जाहिराती आल्या. हिंदीत लिहिले, तेच. इंग्रजीत साधे शब्द टाकून पाहिले, तर हजारो निकाल समोर आले आणि त्यातला आपल्या कामाचा कोणता ते ओळखता येईना.

नेमका शब्द मला पोर्टलने दिला नाही. तो एमबीबीएस करणाऱ्या मैत्रिणीच्या सामुदायिक वैद्यकाच्या पुस्तकात मिळाला: बिसिनोसिस. कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. १९५० च्या दशकात रिचर्ड शिलिंग या इंग्रज डॉक्टरांनी लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा अभ्यास केला आणि या आवळण्यावरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. तिथे सुट्टी रविवारची, म्हणून पुस्तकांत हा सोमवारचा आजार झाला. आमच्याकडे सुट्टी जुम्म्याची, म्हणून तो शनिवारचा. अब्बा ज्याला सनीचर म्हणत होते, ते जगाच्या पुस्तकात सत्तर वर्षांपासून सोमवार या नावाने नोंदलेले होते. दोन्ही एकच आहेत, हे सांगणारे मध्ये कुणी नव्हते.

मला वाटते, संशोधनाच्या पोर्टलची पहिली गरज इथेच आहे. वाचक येतो तो स्वतःचा शब्द घेऊन. त्याला शास्त्राचा शब्द माहीत नसतो. माहीत असता तर निम्मा शोध आधीच झाला असता. ही गोष्ट अशक्य आहे का? अजिबात नाही. पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे पोर्टल १९९७ पासून सगळ्यांना मोफत आहे. तिथे इंग्रजीत साधा 'हार्ट अटॅक' लिहिला तरी ते स्वतःहून 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या शास्त्रीय नावाखालचे लेखही शोधून आणते. तिथल्या ग्रंथपालांनी शब्दांचा एक ठरावीक कोश बनवला आहे आणि लोकांचे शब्द त्या कोशाला जोडून ठेवले आहेत. म्हणजे यामागे माणसांनी वर्षानुवर्षे केलेले काम आहे. इंग्रजीसाठी ते झाले. मराठी, उर्दू, हिंदीसाठी व्हायला हवे आणि ते आपल्या देशातल्या संस्थांनीच करायला हवे. यंत्रमागाला मराठीत काय म्हणतात, हे अमेरिकेच्या ग्रंथालयाने ठरवावे अशी अपेक्षा चुकीची आहे.

मग दार लागते

शब्द सापडल्यावर लेख सापडू लागले. भारतातल्या यंत्रमाग कामगारांवरचाही एक लेख सापडला. सारांश वाचला. आमच्यासारख्याच वस्तीतले, अब्बांच्याच वयाचे लोक. त्यांना नळीत फुंकायला लावले होते, किती वर्षे काम केले ते विचारले होते, घरात चूल आहे की गॅस हेही विचारले होते. पूर्ण लेखावर बोट ठेवले, तर पैसे मागितले. अशा एका लेखाची किंमत साधारण तीस ते पन्नास डॉलर असते. आमच्या घरी ती जवळपास आठवड्याची मजुरी होते.

अब्बा शेजारीच बसले होते. मी सांगितले की असा असा लेख आहे, पण पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिख्खा हमारे उपर है ना? फिर हमकोच नहीं दिखाते?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. आजही नाही.

दुसरीकडे एका पोर्टलवर नोंदणी करायला गेले, तर संस्थेचे नाव भरणे सक्तीचे होते आणि ईमेलही संस्थेचाच हवा होता. माझे शिक्षण संपले, तेव्हा कॉलेजचा ईमेल बंद झाला. खरे तर तो चालू होता तेव्हाही काही उपयोग नव्हता, कारण आमचे विनाअनुदानित कॉलेज अशा नियतकालिकांची वर्गणी भरत नव्हते. तिसऱ्या ठिकाणी ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. चौथ्या ठिकाणी अहवाल मोफत होता, पण फाईल इतकी जड की मोबाईलवर दोनदा अर्ध्यात तुटली. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा कळले, पाने नुसती फोटो काढल्यासारखी स्कॅन केलेली आहेत. आत एकही शब्द शोधता येत नाही. दोनशेहून जास्त पाने बोटाने सरकवत मी एक तक्ता शोधला.

या प्रत्येक अडचणीमागे कुणाचा वाईट हेतू आहे, असे मी म्हणत नाही. पण चारही ठिकाणी एकच चित्र डोळ्यासमोर ठेवून काम झालेले दिसते. पोर्टल बनवणाऱ्याच्या मनातला वाचक विद्यापीठात बसलेला आहे. त्याच्यापुढे मोठा पडदा आहे, वेगवान इंटरनेट आहे, इंग्रजी आहे, संस्थेचा ईमेल आहे, आणि अडले तर विचारायला ग्रंथपाल आहे. मोबाईल हातात धरून, रात्री साडेदहाला, बापाच्या खोकल्याचे कारण शोधणारी मुलगी त्या चित्रात नाही.

सरकारने काय केले, काय राहिले

काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक आणि जवळपास १३,००० नियतकालिके. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था अशा ६,३०० हून अधिक ठिकाणचे सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधक ती वाचू शकतील, असे सांगण्यात आले. लहान गावातल्या सरकारी कॉलेजच्या मुलाला आयआयटीतल्या मुलाइतकीच नियतकालिके मिळणे, ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही अशा संस्थेत असाल, तर उद्याच ग्रंथपालांना विचारा. आपल्या कॉलेजचे नाव यादीत आहे हे अनेक विद्यार्थ्यांना माहीतच नसते.

पण दाराचा उंबरठा तोच राहिला. प्रवेश संस्थेला आहे, नागरिकाला नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजे या पहिल्या टप्प्यात नाहीत. आता आपल्या मुला-मुलींचा विचार करा. किती जणी घराजवळचे म्हणून एखाद्या खासगी ट्रस्टच्या कॉलेजात शिकतात? किती जण पदवीनंतर लगेच कामाला लागतात? लग्नानंतर शिक्षण सुटलेली, पण वाचायची भूक न सुटलेली बहीण कुठल्या संस्थेत मोडते? योजनेचा पैसा सगळ्यांच्या करातून जातो. अब्बा साबणाची वडी घेतात तेव्हा तेही कर भरतात.

शोधगंगेचे उदाहरण मला जास्त आशादायक वाटते. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने हा संग्रह उभा केला. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. वाचायला पैसे लागत नाहीत आणि तुम्ही कुठल्या संस्थेचे, असे कुणी विचारत नाही. मराठी आणि उर्दूतले प्रबंधही आहेत. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: दार सगळ्यांसाठी उघडे ठेवले तर आभाळ कोसळत नाही. प्रबंध प्रकरणांप्रमाणे वेगवेगळ्या फायलींत मिळतो, तो सलग मिळाला तर मोबाईलवर वाचणाऱ्याची सोय होईल. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर कुठल्याही संग्रहात असला तरी शोधात सापडत नाही, त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर व्हायला हवे. या दुरुस्त्या करण्यासारख्या आहेत. मूळ धोरण मात्र योग्य आहे.

आणखी एक गोष्ट. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१४ मध्ये धोरण जाहीर केले होते की त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या संग्रहात ठेवावेत. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये तर स्पष्ट लिहिले आहे की सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती प्रसारित करताना स्थानिक भाषेचा आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा पद्धतीचा विचार करावा. म्हणजे आपल्या भाषेत मागणे ही मेहेरबानीची याचना नाही. त्याला कायद्याचा आधार आहे.

"सामान्य माणसाला हे कशाला?"

या विषयावर बोलले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की संशोधनाचे लेख तज्ज्ञांसाठी असतात, सामान्य माणूस अर्धवट वाचून चुकीचे निष्कर्ष काढेल. या आक्षेपात थोडे तथ्य आहे आणि ते मी स्वतःवरून सांगते. 'बिसिनोसिस' शब्द सापडला त्या रात्री मला वाटले, कोडे सुटले. पुढे वाचल्यावर कळले की हा आजार कापूस पिंजण्याच्या आणि सूत तयार करण्याच्या सुरुवातीच्या कामांत जास्त आढळतो. विणकामाच्या खात्यात धूळ तुलनेने कमी, म्हणून तिथे तो कमी दिसतो. तिथल्या कामगाराचा खोकला जुन्या ब्राँकायटिसचा असू शकतो, बिडीचा असू शकतो, आणि आपल्या देशात दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला टीबीची तपासणी आधी करायलाच हवी. म्हणजे अर्धवट वाचन मला चुकीच्या दिशेने नेत होते हे खरे. पण मला त्यातून बाहेर काढले ते पूर्ण वाचनानेच. कुलपाने नाही.

आणि कुलूप लावल्याने लोक वाचायचे थांबतात का? ते दुसरे काहीतरी वाचतात. खात्रीचा लेख पैसे मागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा काढा फुकट असतो. पैसे घेऊन काहीही छापणारी बनावट नियतकालिकेही वाचायला मोफतच असतात. आपल्या मोहल्ल्यांत लसींबद्दल, गर्भनिरोधनाबद्दल, मानसिक आजारांबद्दल काय काय फिरत असते, ते तुम्हाला माहीत आहे. त्याला उत्तर द्यायला निघालेल्या कार्यकर्त्याच्या हातात सारांशाच्या चार ओळीच असतील, तर तो कसा टिकेल?

दुसरा आक्षेप खर्चाचा. नियतकालिक चालवायला पैसे लागतात, संपादन करावे लागते, हे सगळे फुकट कसे देणार? पैसे लागतात, मान्य. पण २०२० च्या सुरुवातीला कोरोना पसरू लागला तेव्हा जगातल्या मोठमोठ्या प्रकाशकांनी त्या विषयावरचे संशोधन सर्वांसाठी खुले केले. तेव्हा ते जमले, कारण त्या आजाराची भीती श्रीमंत देशांनाही होती. सुताच्या धुळीने अख्खे जग घाबरत नाही. ज्यांची फुफ्फुसे भरतात त्यांच्याकडे डॉलर नसतात. म्हणून हे कुलूप तसेच राहते. मला इथे तंत्रज्ञानापेक्षा न्यायाचा प्रश्न जास्त दिसतो.

चोरवाटेबद्दलही बोलले पाहिजे, कारण तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत आहे. साय-हब या संकेतस्थळावर भारतातले असंख्य विद्यार्थी अवलंबून होते. प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात अडवण्याचा आदेश दिला. तो दावा योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या देशात हुशार विद्यार्थ्यांना वाचण्यासाठी आडवाट शोधावी लागते, तिथे मुख्य रस्त्यात खोट आहे. आणि आडवाटेवर भरवसा ठेवून मुख्य रस्त्याची मागणी सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही.

आज उघडी असलेली दारे

मागणी करत असतानाच, जे आज उपलब्ध आहे ते वापरायला शिकू या. मला हे अडखळत कळले, तुम्हाला सरळ सांगते.

पबमेडवर शोधल्यावर बाजूला 'मोफत पूर्ण लेख' अशा अर्थाची इंग्रजी चाळणी असते. ती लावली की कुलूपबंद लेख बाजूला होतात. पबमेड सेंट्रल या त्याच्या जोड संग्रहात २००० पासून पूर्ण लेख मोफत ठेवले जातात. कामाच्या ठिकाणच्या आजारांवरचे इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल अँड एन्व्हायर्न्मेंटल मेडिसिन हे नियतकालिक खुले आहे. इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चही खुले आहे. बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके वाचायला मोफत आहेत. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्राच्या मुलांसाठी तर १९९१ पासून आर्काइव्ह हा संग्रह आहे, जिथे संशोधक स्वतःच लेख ठेवतात.

एखादा लेख कुलूपबंद दिसला तर गुगल स्कॉलरवर त्याच्या खाली 'सर्व आवृत्त्या' अशा अर्थाची ओळ असते, ती उघडून पाहा. पुष्कळदा लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या संग्रहात एक प्रत ठेवलेली असते. संगणकावर अनपेवॉल नावाची छोटी जोडणी ब्राउझरला बसवता येते. कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल, तर ती हिरव्या कुलपाची खूण दाखवते.

आणि सगळ्यात जुना, सगळ्यात माणुसकीचा उपाय: लेखकाला ईमेल करा. लेखाच्या पहिल्या पानावर किंवा सारांशाखाली पत्ता असतो. लेखाची किंमत प्रकाशक घेतो, संशोधकाला त्यातले सहसा काही मिळत नाही. उलट, कुणीतरी आपले काम वाचते आहे याचा त्यांना आनंद होतो. मी चार ओळी लिहिल्या: मी कोण, वडील काय काम करतात, लेख का हवा आहे. तिसऱ्या दिवशी लेख आला. सोबत एक ओळ होती की, वडिलांची फुंकण्याची चाचणी पाळीच्या आधी आणि नंतर, अशी दोन वेळा करून घ्या. कोणत्याही पोर्टलने मला हे सांगितले नव्हते.

मागायचे काय?

संकेतस्थळांच्या वापरावर काम करणारे जेकब नील्सन यांनी २००० मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. एखादे संकेतस्थळ वापरताना लोकांना कुठे अडते हे शोधायला शेकडो माणसे लागत नाहीत. पाच जणांना बसवा, त्यांना एक काम द्या आणि मध्ये न बोलता पाहत राहा. बहुतेक अडचणी दिसून येतात. कोट्यवधींचे पोर्टल बनवणाऱ्यांकडे माझी पहिली मागणी एवढीच आहे: पाच जणांना बसवा. पण ते पाच जण कार्यालयातले नकोत. एक खासगी कॉलेजची विद्यार्थिनी, एक आशाताई, एक मराठी शाळेतले विज्ञानशिक्षक, एक पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणारा अंध विद्यार्थी आणि एक कामगार संघटनेचा कार्यकर्ता. प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा मोबाईल द्या. तासाभरात जे दिसेल ते वर्षभराच्या बैठकांत दिसणार नाही.

दुसरी मागणी, सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक संशोधनाचा एक पानाचा सारांश मराठीसह भारतीय भाषांत द्या. काय विचारले, कुणाला तपासले, काय आढळले, काय अजून माहीत नाही. आणि ज्यांच्यावर अभ्यास झाला, त्यांच्या वस्तीत तो वाचून दाखवा. तिसरी, नोंदणीत 'संस्था' या रकान्याशेजारी 'स्वतंत्र वाचक' असा पर्याय ठेवा. चौथी, 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ची नियतकालिके जिल्हा ग्रंथालयांतही उघडा. ग्रंथालयातल्या एका संगणकावर बसून कोणालाही वाचता आले, तरी संस्थेबाहेरच्या नागरिकाला पहिल्यांदा जागा मिळेल.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. आपल्या सभांत सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाचा उल्लेख झाल्याशिवाय भाषण संपत नाही. तो अहवाल उघडून त्यातला एक तरी तक्ता स्वतः वाचलेले आपल्यात किती जण आहेत? तक्रार करण्याचा अधिकार आहेच. पण जे उघडे आहे ते आपण वाचले, तर बंद असलेल्यासाठीचा आपला आवाज वजनदार होईल. ज्यांनी हे मार्ग शिकून घेतले आहेत, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसावे. कुणाच्या घरात मधुमेह आहे, कुणाच्या विहिरीचे पाणी खारट झाले आहे, कुणाची एम.ए.ची फाईल अडली आहे. त्यांच्या प्रश्नाला शास्त्राचा शब्द शोधून द्यावा. पोर्टल सुधारेपर्यंत हे काम माणसांनाच करावे लागेल.

अब्बांची टीबीची तपासणी झाली, ती निघाली नाही. सरकारी रुग्णालयात फुंकण्याची चाचणी दोनदा झाली: जुम्म्यानंतरच्या शनिवारी पाळीच्या आधी आणि नंतर. दोन आकड्यांत फरक आला. डॉक्टरांनी तो पाहिला, लेखही पाहिला, आणि दम्याच्या पुढे प्रश्नचिन्ह लिहून पुढच्या तपासण्या सांगितल्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमात बिसिनोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. पण छोट्या शेडमधल्या किती कामगारांचा खोकला त्या यादीपर्यंत कधी पोहोचला असेल? निदान पक्के व्हायचे आहे. अब्बा अजून कामावर जातात, कारण घर चालायला हवे. आता तोंडाला फडके बांधतात आणि शनिवारी बीडी ओढत नाहीत, असे म्हणतात.

त्यांच्या शेजारच्या मागावरचे एक चाचा परवा घरी आले होते. त्यांनाही शनिवारी त्रास होतो. "वो सोमवारवाला कागज मुझे भी पढके सुनाओ," ते म्हणाले. मी वाचून दाखवला, एकेक ओळ उर्दूत सांगत. तास लागला. येत्या जुम्म्याला आणखी चार जण येणार आहेत.